बैलाच्या डोक्याचा राक्षस भुलभुलैयात कसा कोंडायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना, हे कळेल. तुम्ही ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाच्या कथेवर मराठीत कादंबरी लिहिताय. राजा मिनोस डेडालस या कारागिराला भुलभुलैया बांधायला सांगतो, त्या प्रकरणाशी येऊन लिखाण अडलंय. कारण 'एक हात भिंतीला लावून चालत राहिलं की कुठल्याही भुलभुलैयातून बाहेर पडता येतं' असं तुमच्या वाचनात आलं. मग राक्षसाला हे का जमलं नाही, आणि तो सुटणार नाही असा पटण्याजोगा आराखडा कसा काढायचा, हे तुम्हाला हवंय.

मी वास्तुरचनाकार आहे. गेली २२ वर्षं प्राणिसंग्रहालयं आणि वन्यप्राणी बचाव केंद्रांसाठी बिबट्या, अस्वल, तरस यांची आवारं आखतो. मध्यंतरी एका कृषी पर्यटन केंद्रासाठी झाडांचा भुलभुलैयाही केला होता. म्हणजे जनावर कोंडायचं आणि माणूस हरवायचा, ही दोन्ही कामं हातून झाली आहेत. ती दोन कामं एकमेकांपासून फार वेगळी आहेत, आणि तुमची अडचण मला तिथेच दिसते.

आधी हाताच्या नियमाचं बघू. नियम खरा आहे, पण त्याला अट आहे. भुलभुलैयातल्या सगळ्या भिंती बाहेरच्या भिंतीला कुठून ना कुठून जोडलेल्या असल्या, तर हात न उचलता चालणारा माणूस दाराशी येतोच. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्टमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस राजा तिसऱ्या विल्यमसाठी लावलेला झाडांचा भुलभुलैया आहे. तिथे हा नियम चालतो. पण मधली एखादी भिंत बाकीच्यांपासून सुटी ठेवली, बेटासारखी, तर तिला हात लावून चालणारा तिच्याच भोवती फिरत राहतो. विहिरीच्या कठड्याला हात लावून फिरावं तसं. इंग्लंडमध्येच चेव्हनिंग इथे १८२० च्या दशकात मुद्दाम अशी बेटं ठेवून भुलभुलैया आखला गेला. तेव्हा तुमच्या डेडालसने राक्षसाची खोली अशा सुट्या बेटात ठेवली, की भिंतीचा हात त्याला कधीच दाराशी नेणार नाही. नकाशापुरतं उत्तर इथे संपतं.

पण यावर प्रकरण लिहू नका. जनावर नकाशावर चालत नाही.

माझ्या आजोळी बाजारातून नवा बैल आणला की आठ दिवस दावणीला बांधून ठेवायचे. मग सोडला की संध्याकाळी तो आपण होऊन त्याच दावणीच्या त्याच खुंट्याशी येऊन उभा राहायचा. वाटेत नाला, दोन बांध, तीन घरांची परसं. त्याला कुणी वाट दाखवली नव्हती. अमेरिकेत विलार्ड स्मॉल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९०१ च्या सुमारास हॅम्प्टन कोर्टच्याच आराखड्यावरून उंदरांसाठी छोटा भुलभुलैया बनवला. पहिल्या फेऱ्यांमध्ये उंदीर गोंधळले, आणि फेऱ्या वाढल्या तशा त्यांच्या चुका गळत गेल्या. भुलभुलैया सोडवायची हमखास रीतही जुनी आहे. १८८२ साली छापून आलेली ही रीत त्रेमो नावाच्या फ्रेंच गृहस्थाची. जाल त्या वाटेवर खूण करत जायचं, आणि दोनदा खूण झालेल्या वाटेने पुन्हा जायचं नाही. या रीतीपुढे बेटांचा भुलभुलैयाही टिकत नाही. आता विचार करा, बैलाला वेगळा खडू लागतो का? मूत, शेण, अंगाचा वास भिंतीला घासत तो जिथे जिथे जातो तिथे त्याची खूण आपोआप पडते.

थोडक्यात, हरवणं ही पाहुण्याची अडचण आहे. जो तिथेच राहतो त्याला, मग तो बैल असो की बिबट्या, वर्षभरात ती जागा बांधणाऱ्यापेक्षा जास्त पाठ होते. एका केंद्रातल्या जखमी बिबट्याने खाण्याच्या दाराची साखळी कुठल्या आवाजाने ओढली जाते, हे चार दिवसांत ओळखलं होतं. पाचव्या दिवशी माणूस साखळीपर्यंत पोचायच्या आधीच तो दाराशी दबून बसलेला. भुलभुलैयाने जनावर फार तर काही दिवस अडेल. कथेत तर ते वर्षानुवर्षं अडून राहतं.

मग डेडालसने एवढी यातायात कुणासाठी केली? कथेतच उत्तर आहे. मिनोसचा मुलगा अँड्रोजिअस अथेन्समध्ये मारला गेला, आणि त्याबद्दल अथेन्सवर खंडणी बसली. सात तरुण आणि सात तरुणी, काही कथांप्रमाणे दर नऊ वर्षांनी, या भुलभुलैयात सोडायच्या. वाट चुकायची होती ती या चौदा जणांनी. राक्षसाला रोखायला चांगल्या भिंती आणि एक चांगलं दार पुरलं असतं. मुलांना बाहेर न येऊ द्यायला वाटा लागतात. तुमच्या राजाने कारागिराला दोन कामं एकत्र सांगितली आहेत आणि बहुधा दोन्हींत फरक आहे हे राजाला माहीत नाही. मला ही जागा कादंबरीसाठी फार मोलाची वाटते.

इथे एक हिशेब करून बघा. पूर्ण वाढलेल्या वाघाला आम्ही दिवसाला साधारण १० किलो मांस धरतो, आठवड्यातून एक दिवस उपास. राक्षसाला तेवढंच धरलं आणि उपास सोडून दिला, तरी नऊ वर्षांत जवळपास ३३ हजार किलो मांस होतं. चौदा माणसं, सरासरी ६० किलोची, म्हणजे ८४० किलो. हाडांसकट सगळं खाल्लं असं मानलं तरी ८४ दिवसांची सोय. उरलेले आठ वर्षं नऊ महिने त्याला कुणीतरी रोज बकरं किंवा मेंढरू पोचवत असणार. पाणी भरत असणार. घाण काढत असणार. म्हणजे भुलभुलैयाच्या मधोमध रोज जाऊन रोज परत येणारा एक तरी माणूस आहे. ज्याच्यासाठी आम्ही आवारं आखतो तो हाच. प्राण्याची जागा कुणीही काढून देईल, पण देखभाल करणाऱ्याची वाट आखायला अनुभव लागतो.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट तुम्हाला ठरवावी लागेल, कारण सगळं तिच्यावर अवलंबून आहे. राक्षसाचं मन कुणाचं? कथेप्रमाणे डोकं बैलाचं, धड माणसाचं. डोकं बैलाचं म्हणजे डोळे, नाक, कान बैलाचे. धड माणसाचं म्हणजे हात आहेत, आणि हात आले की कडी-कोयंडा, खिळ, गाठ सगळं सुटतं. आतला विचारही माणसाचा असेल, त्याला आपण कोंडलेलो आहोत हे कळत असेल, आपलं अस्टेरिअस हे नाव आठवत असेल, तर तो रोज भिंतीचा एक दगड खिळखिळा करत बसेल, आणि त्याला रोखायला पहारेकरी लागतील. विचार बैलाचा असेल तर सवय, भूक आणि दार यांवर तो राहील. मी पुढे बैलाचं मन आणि माणसाचे हात असं धरून सांगतो. तुम्ही वेगळं ठरवलंत तर दारांचा भाग बदलेल, वाटांचा नाही.

आधी राक्षसाची जागा. ती मधोमध, आणि एक नको, दोन दालनं हवीत. मध्ये वरून खाली पडणारं दार. कांस्ययुगाचा काळ आहे, तेव्हा लोखंड लिहू नका. सुरूच्या फळ्यांचं जाड दार, दगडात कोरलेल्या खाचांतून वर-खाली सरकणारं, दोर एका गुळगुळीत गोल ओंडक्यावरून पलीकडे नेलेला आणि तिकडच्या टोकाला धोंडा. जंगलखातं बिबट्यासाठी पिंजरा लावतं त्याचं दार असंच पडतं. या दाराला कडी नसते. ते स्वतःच्या वजनाने बंद राहतं, म्हणून हातांचा उपयोग होत नाही. फळीच्या खालच्या कडेला बोटं शिरणार नाहीत अशी दोन बोटं खोल खाच तळाच्या दगडात घ्या. ही खाच विसरणारे खूप बघितलेत. राक्षस एका दालनात असताना दार पाडायचं, दुसऱ्यात खाणं ठेवायचं, माणूस बाहेर पडला की दार वर. माणूस आणि जनावर एका मोकळ्या जागेत कधीच नसतात, आणि दोन दारं एकाच वेळी कधी उघडी नसतात. आमच्या धंद्यात याला अपवाद नाही. जिथे अपवाद केला गेला त्यातल्या एका ठिकाणी मी नंतर पाहणीला गेलो होतो. दार उघडं राहिलेलं सात-आठ मिनिटंच होतं. कामावरचा माणूस वाचला, पण त्याचा उजवा हात गेला.

भिंतीची उंची वाघासाठी मी पाच मीटर धरतो आणि वर आतल्या बाजूला कललेली जाळी देतो. इथे हात आहेत, तेव्हा दगडांच्या सांध्यांत बोटं अडकता कामा नयेत. आतून चुन्याचा गिलावा, घोटून गुळगुळीत. क्रीटमधले कारागीर चुन्याच्या गिलाव्यात तयार होते. क्रीटवरच्याच क्नोसोस या प्राचीन नगराच्या राजवाड्यातली बैलावरून उडी मारणाऱ्यांची चित्रं अशाच गिलाव्यावर आहेत.

आता मुलांसाठीच्या वाटा, म्हणजे खरा भुलभुलैया. क्नोसोसच्या जुन्या नाण्यांवर जो सात फेऱ्यांचा भुलभुलैया दिसतो त्यात गंमत अशी की त्याला एकही फाटा नाही. एकच वाट, वळत वळत मध्यापर्यंत जाते. ग्रीसमधल्या पायलोसला सापडलेल्या, इ.स.पू. १२०० च्या सुमाराच्या मातीच्या पाटीवरही तीच आकृती आहे. आपल्याकडे हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर अभिमन्यूचा चक्रव्यूह कोरलाय, तोही असाच एका वाटेचा. अशा वाटेत हरवताच येत नाही, मग राक्षसाला मारायला आत गेलेल्या थिसियस या अथेन्सच्या राजपुत्राला परतीसाठी दोऱ्याची गरज काय, हा प्रश्न तुमचे चाणाक्ष वाचक विचारणारच.

मी असं करीन. फेऱ्या सातच ठेवीन, कारण त्यात जागेच्या मानाने वाट खूप मिळते. मध्ये तीन मीटर त्रिज्येची मोकळी जागा दारांपुढच्या अंगणासाठी, त्याभोवती भिंतीसकट तीन-तीन मीटरच्या सात फेऱ्या. पूर्ण व्यास ४८ मीटर. गुंठ्यांत सांगायचं तर १८ गुंठे, आणि त्यात वाटेची लांबी भरते जवळपास ६०० मीटर. राक्षसाची दोन दालनं या अंगणाच्या खालच्या मजल्यावर घ्या, वर ती मावणार नाहीत. उजेडात सरळ चाललं तर आठ मिनिटांची वाट. एवढ्याशा अंतरात माणूस कायमचा कसा चुकेल?

त्यासाठी फाटे कसे जोडायचे, यात सगळी कला आहे. नदी आठवा. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला वेण्णा मिळते, खाली कराडला कोयना मिळते. महाबळेश्वरहून कृष्णेतून खाली येणारं पाणी कुठेच चुकत नाही, बाजूने कोण येऊन मिळालं याची त्याला फिकीर नसते. पण कराडहून उलटं वर चालत निघालेल्या माणसाला प्रत्येक संगमावर ठरवावं लागतं, डावीकडे की उजवीकडे. भुलभुलैयाचे फाटे असे नदीसारखे जोडा. आत जाताना ते मागून, अरुंद कोनात येऊन मिळतात, त्यामुळे अंधारात ते आहेत हेच जाणवत नाही. मुलं सरळ आत जातात, त्यांना वाटतं वाट एकच आहे. परत फिरली की तेच फाटे समोर तोंड वासून उभे. असे सहा सांधे ठेवलेत तर परतीच्या निवडीच ६४ प्रकारच्या होतात, आणि त्यातली एकच दाराला जाते. बाकीचे फाटे आंधळ्या गल्लीत संपवू नका. आंधळी गल्ली माणसाला सांगून टाकते की तू चुकलास, मागे फिर. ते फाटे एकमेकांत सोडून द्या, म्हणजे चुकलेला माणूस चालतच राहतो. त्याने भिंतींची बेटंही आपसूक तयार होतात.

हाताचा नियम इथे पुन्हा येतो. दारापासूनच भिंतीला हात लावून निघालेला मुलगा, हात सोडला नाही तर, फिरून दाराशीच येईल. दार अर्थातच बाहेरून बंद आहे. पण मध्यभाग सुट्या बेटावर असल्यामुळे त्याला राक्षस कधी भेटणार नाही. मध्यापर्यंत पोचायचं तर कुठेतरी भिंत सोडून पलीकडच्या भिंतीकडे जावं लागतं. ती जागा मी खांबांचं दालन म्हणून करीन, २० मीटर लांबीचं, मिट्ट काळोखाचं. क्नोसोसला खांब असलेल्या अंधाऱ्या तळखोल्या खरोखर आहेत. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी जंगलात आणि सहारा वाळवंटात माणसांना सरळ चालायला सांगून बघितलं. सूर्य दिसत नसला की माणसं गोल फिरली, आणि डोळे बांधल्यावर तर काही जण अवघ्या २० मीटर व्यासाच्या वर्तुळात. कोकणात चकवा लागला म्हणतात तो हाच अनुभव असणार, मला तरी असंच वाटतं. राजाचे शिपाई चौदा जणांना या दालनापर्यंत आणून सोडतात, एवढं लिहिलंत की पुरे.

अभिमन्यूची आठवण इथे आली नाही तर नवल. त्याला आत जाणं येत होतं, बाहेर येणं येत नव्हतं. आणि त्याच्यामागून येणाऱ्या पांडवांना जयद्रथाने दाराशीच अडवलं. जाताना सोपं, परतताना अवघड, आणि मागचं दार बंद. तुमच्या मराठी वाचकाला ही रचना लहानपणापासून ठाऊक आहे, फक्त तिचा सांगाडा दाखवायचा आहे.

वाटांबद्दल अजून एक. सांध्यांना ओळख देऊ नका. लखनौचा बडा इमामबाडा १७८४ साली नवाब आसफउद्दौलाने दुष्काळातल्या लोकांना काम म्हणून बांधायला घेतला. त्याचा भुलभुलैया कुणाला फसवण्यासाठी झालेलाच नाही. सुमारे ५० मीटर लांबीच्या, मध्ये एकही खांब नसलेल्या दालनाच्या छताचं वजन हलकं व्हावं म्हणून जाड भिंती पोकळ केल्या, त्यातून त्या बोळांचं जाळं झालं. तिथे माणूस चुकतो कारण सगळी दारं एकसारखी आहेत. दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी मात्र मुद्दाम केलेली. कातळात कोरलेली वाट, वटवाघळांचा वास, आणि उंचीने असमान पायऱ्या. मी तिथे एकदा टॉर्च बंद करून हाताने चाचपडत गेलो. तिसऱ्या वळणानंतर लक्षात आलं की डोकं वाटेचा विचार सोडून फक्त पुढच्या पायरीचा विचार करतंय. वळणं मोजायची राहून गेली होती. हे तुमच्या नायकाच्या अंगावर येऊ द्या. पायऱ्या असमान ठेवायला डेडालसला एक पैसाही जास्त लागत नाही.

आता वारा, कारण इथे मी स्वतः चुकलोय. कृषी पर्यटनाच्या त्या भुलभुलैयात मेंदीची झुडपं दिवाळीपर्यंत गुडघ्याएवढीच झाली होती, म्हणून ऐनवेळी बांबूचे तट्टे उभे केले. वाटा चांगल्या जमल्या होत्या. पहिल्याच दिवशी दहा-बारा वर्षांचा एक मुलगा सहा मिनिटांत बाहेर आला. कसा आलास विचारलं तर म्हणाला, 'भज्यांचा वास येत होता.' स्वयंपाकघर दाराच्या बाजूला होतं आणि वारा तिकडूनच आत येत होता. मी वाटा आखल्या होत्या, वारा आखला नव्हता.

बैलाच्या नाकाला तर मैलभरावरचा ओला चारा कळतो. ज्या दिशेने ताजी हवा येते तिकडे दार आहे, हे त्याला शिकवावं लागत नाही. म्हणून एकाच दाराने हवा आत येऊ देऊ नका. क्नोसोसच्या राजवाड्यात उजेड आणि हवेसाठी वरून उघडे चौक होते, भाजलेल्या मातीचे नळ आणि दगडी गटारंही होती. आर्थर इव्हान्सने १९०० साली तिथे मोठं उत्खनन सुरू केलं, तेव्हापासून ते सगळं बघायला मिळतं. तुमच्या डेडालसला हे तंत्र घरचंच आहे. फेऱ्यांच्या छतात उभे, अरुंद, वाकडे धुराडे ठेवा, हवा येईल, उजेड नाही. मग ताजा वास सगळीकडून येतो, म्हणजे कुठूनच येत नाही.

मध्यावर मात्र आकाश उघडं ठेवा, वरचं अंगण आणि खालची दालनं दोन्ही. हे मी कळकळीने सांगतो. सूर्य न दिसणाऱ्या बोळात ठेवलेलं जनावर एकाच रेषेत येरझाऱ्या घालायला लागतं, तासन् तास, तेच आठ पाऊल पुढे, तेच आठ पाऊल मागे. ते बघितलेला माणूस पुन्हा तसं आवार काढत नाही. कथेलाही ते धरून आहे. काही कथांत मिनोस पुढे डेडालस आणि त्याचा मुलगा इकारस यांना याच भुलभुलैयात कोंडतो, आणि ते पंख लावून निसटतात. वर आकाश असल्याशिवाय पंखांचा काय उपयोग?

बैलाच्या डोळ्यांचा फायदा देखभाल करणाऱ्यासाठी घ्या. गुरांना शेपटीमागचा थोडा भाग सोडला तर सगळीकडचं दिसतं, पण जमिनीवरची खोली चटकन कळत नाही. फाटकात खड्ड्यावर अंतर ठेवून टाकलेल्या पाइपांपाशी गुरं थबकतात, आणि काही ठिकाणी रस्त्यावर नुसते पांढरे पट्टे रंगवूनही थबकलेली आहेत. सवय झाली की ओलांडतात, म्हणून यावर जीव टांगू नका, पण दोन क्षण मिळतात. टेंपल ग्रँडिन या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी गुरांसाठी वळणदार, दोन्ही बाजूंनी बंद वाटा रूढ केल्या. पुढचं दिसत नाही आणि आलो तिकडेच परत चाललोय असं वाटतं, म्हणून गुरं शांतपणे चालतात. खाण्याच्या दालनाकडे नेणारा बोळ असा वळणाचा करा, राक्षस न डिवचता येईल.

दोऱ्याचा हिशेब राहिला. वाट ६०० मीटर. विणकामाची मध्यम जाडीची लोकर १०० ग्रॅममध्ये साधारण २०० मीटर भरते, म्हणजे ३०० ग्रॅमचा गुंडा, मोठ्या संत्र्यापेक्षा बराच मोठा, पण कपड्यात लपतो. मिनोसची मुलगी अरियाडनी हिने तो थिसियसला दिला, आणि डेडालसच्या सांगण्यावरून दिला, असंही सांगितलं जातं. आत जायला थिसियसला दोरा लागत नाही, त्याला नाक पुरेसं आहे. आणि पायसुद्धा. कारण ती वाट कुणीतरी रोज तुडवलेली आहे. नऊ वर्षांत चुनखडीच्या फरशीवर अनवाणी पायांनी तुळतुळीत पट्टा पडतो, आणि अंधारातही तळव्याला तो लागतो.

हीच या आराखड्यातली फट आहे, आणि मला ती बुजवता आलेली नाही. बुजवायची असेल तर देखभालीची वाट वेगळी, जमिनीखालून, थेट दालनापर्यंत न्यावी लागेल. मग बाहेर जायची दुसरी वाट तयार होते, आणि तिचं दार कुणाच्या हाती, हा नवा प्रश्न.

ओव्हिड या रोमन कवीने लिहिलंय की भुलभुलैया पुरा झाल्यावर स्वतः डेडालसलाही उंबऱ्यापर्यंत परत येणं जड गेलं. तुमच्या प्रकरणात तो दाराशी आला की राजा त्याला शाबासकी देईल. मी असतो तर त्या प्रसंगी पाणक्याला शेजारी उभं केलं असतं. उद्यापासून बकरं घेऊन आत जाणारा हाच. वाट त्याला कारागिरापेक्षा चांगली पाठ होणार आहे, आणि राजा त्याच्याकडे अजून बघतसुद्धा नाही. तो कोण, कुठल्या गावचा, त्याला मुलं आहेत का, हे ठरवून मला कळवा. त्यावरून खालचं दार कुठे काढायचं ते सांगता येईल.